रेसिडेन्सीचं पत्र आलं, सोबत बिलही आलं

*ताई, मी चौतीस वर्षांची आहे. कोळशाने चित्रं काढते. मुलगी पाच वर्षांची. ती झोपली की जेवणाच्या टेबलावर कागद पसरते. रात्री अकरा ते एक हीच माझी वेळ. दोन वर्षांत सात रेसिडेन्सींना (कलाकारांनी काही काळ राहून काम करायच्या जागांना) अर्ज केले, सातही नकार. आता आठव्या ठिकाणाहून ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे’ असं पत्र आलंय. पण चार आठवड्यांच्या राहण्याचे आणि स्टुडिओचे पैसे मीच भरायचे आहेत आणि तो आकडा माझ्या वर्षभराच्या बचतीहून मोठा आहे. दहा दिवसांत कळवायचंय. कर्ज काढू का? नवरा ‘जा’ म्हणतो, पण त्या ‘जा’मध्ये मला ‘एकदाचं होऊन जाऊ दे’ असं ऐकू येतं. दुसरं म्हणजे, ‘फक्त महिला कलाकारांसाठी’ असलेल्या योजनांना अर्ज करताना मला कमीपणा वाटतो. आणि पस्तिशी उलटली की ‘उदयोन्मुख’ या शब्दातूनही मी बाद होणार का? सोबत माझं स्टेटमेंट, म्हणजे कामाबद्दलचं टिपण, आणि दहा चित्रांचे फोटो पाठवतेय. चार कागद जोडून जमिनीवर केलेलं एक मोठं चित्रही आहे, पण जोड दिसतात म्हणून ते नाही पाठवलं.*
*— एक रात्रपाळीवाली*

प्रिय रात्रपाळीवाली,

कर्ज काढू नकोस. दहा दिवसांची मुदत आहे म्हणून हे आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश वाच.

चार आठवड्यांसाठी खोली भाड्याने देणं यात काही वाईट नाही. पण भाड्याच्या पावतीला निवडपत्र म्हणायचं, हे मला खटकतं. पैसे घेणाऱ्या सगळ्याच संस्था लबाड असतात असंही नाही. काही संस्था खरंच काम बघून निवडतात, काहींकडे फी माफ करायला थोडाफार निधी असतो, काही ‘हे आमचं पत्र घ्या आणि दुसरीकडून अनुदान मिळवा, आम्ही जागा राखून ठेवतो’ म्हणतात. तुझी संस्था यातली आहे का, ते एका ईमेलने कळेल. फी कमी होते का ते विचार. मागच्या वर्षी आलेल्यांपैकी किती जणांनी पूर्ण पैसे भरले ते विचार. पैसे उभे करायला सहा महिने लागतील, निवड पुढे ढकलता येईल का, तेही विचार. आणि आधी राहून गेलेल्या दोन कलाकारांशी बोलायला मिळेल का, शक्यतो एखाद्या आईशी, असंही लिही. ज्यांना तुझं काम हवंय ते उत्तर देतील. ज्यांना खोली भरायचीय ते मुदतीची आठवण करून देतील.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तुझ्याच वयाची असताना असंच एक ‘अभिनंदन’ मला आलं होतं आणि मी हरखून पैसे भरले होते. स्टुडिओ म्हणजे एक दिवा असलेलं गॅरेज निघालं. शेवटच्या आठवड्यातलं प्रदर्शन त्यांच्याच व्हरांड्यात झालं आणि ते बघायला आम्हीच होतो, पैसे भरून आलेल्या सहाजणी. एकमेकींच्या चित्रांसमोर उभ्या राहून आम्ही माना डोलावल्या. ते पैसे फेडायला मला तीन वर्षं लागली. सीव्हीत त्याची एक ओळ झाली, पण त्या ओळीबद्दल आजवर एकाही ज्युरीने मला विचारलेलं नाही.

मुळात रेसिडेन्सी कशासाठी असते, हे एका जुन्या उदाहरणावरून सांगते. मारियन मॅकडॉवेल ही पियानोवादक. नवरा एडवर्ड संगीतकार. त्याला निवांत काम करता यावं म्हणून तिने अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये, पीटरबरो गावाजवळच्या त्यांच्या शेतावर, झाडीत लाकडी ओंडक्यांची एक खोली बांधून घेतली. १९०७ साली त्याच जागी इतर कलाकारांसाठीही अशी सोय सुरू झाली. पुढच्याच वर्षी एडवर्ड वारला, आणि मारियन कितीतरी वर्षं गावोगाव पियानोचे कार्यक्रम करून त्या जागेसाठी पैसे जमवत राहिली. ती जागा आजही चालू आहे. निवड झालेल्याकडून राहण्याचे पैसे घेत नाहीत. दुपारचं जेवण टोपलीत घालून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात. मला त्या संस्थेतलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर ती टोपली. ‘आज जेवायला काय करायचं’ हा प्रश्न दिवसातून वजा केला तर किती तास शिल्लक राहतात, हे तुला मी सांगायला नको.

म्हणजे चांगली रेसिडेन्सी तुला वेळ देते. काही ठिकाणी जागा मिळते, काही ठिकाणी पैसे, काही ठिकाणी माणसं: तुझं काम बघून दोन शब्द खरे बोलणारी. अ‍ॅमस्टरडॅमची राइक्सअकाडेमी दोन वर्षं स्टुडिओही देते आणि दरमहा विद्यावेतनही, म्हणून तिथे जगभरातून अर्जांचा ढीग पडतो. बहुतेक ठिकाणी मात्र यातलं एखाद-दुसरंच मिळतं. तेव्हा ‘कुठे अर्ज करू’ याच्या आधी ‘मला यातलं काय कमी पडतंय’ हे ठरवावं लागतं. चादरी-उश्यांच्या तुझ्या दहा चित्रांनी ते मला सांगितलं. नीट बघ, एकही चित्र टेबलाच्या रुंदीपलीकडे जात नाही. आठव्या चित्रात तर उशीची घडी कडेला येऊन दुमडलीय, आणि ते रचनेसाठी केलेलं नाही. तिथे टेबल संपलंय.

यावरून अमेरिकन चित्रकार ली क्रॅसनर आठवली. १९४५ मध्ये ती आणि तिचा नवरा, चित्रकार जॅक्सन पोलॉक, न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज इथल्या एका घरात राहायला गेले. अंगणातलं जुनं कोठार पोलॉकचा स्टुडिओ झालं. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली क्रॅसनरच्या वाट्याला आली. त्या खोलीत तिने केलेली चित्रमालिका ‘लिटल इमेज’ या नावाने ओळखली जाते: छोटी, दाट, ठिपक्या-रेघांनी गच्च भरलेली चित्रं. ती सुंदरच आहेत. पण १९५६ मध्ये पोलॉक अपघातात गेला, त्यानंतर क्रॅसनर त्या कोठारात काम करू लागली आणि १९५७ मधलं तिचं ‘द सीझन्स’ हे चित्र पाच मीटरहून जास्त रुंद आहे. बाई तीच. भिंत बदलली.

म्हणून मला वाटतं, तुला चार आठवडे लांब कुठे जाण्यापेक्षा सहा महिने एक भिंत हवी आहे. घरापासून चालत जाता येईल अशी रिकामी खोली, कुणाच्या तरी स्टुडिओतला अर्धा भाग, सुट्टीत बंद असलेला एखादा वर्ग. त्याचं भाडं हेसुद्धा अनुदान मागण्याचं रास्त कारण असतं. हे पुष्कळ जणींच्या लक्षातच येत नाही. अनुदान म्हटलं की त्यांना प्रवास आणि प्रदर्शन एवढंच सुचतं.

दोन ठिकाणं सांगते, दोन्हीकडे कुठल्याही देशातून अर्ज करता येतो. कॅनडातल्या माँट्रियलचं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन १९५५ मध्ये सुरू झालं. चार्ल्स ग्रीनशील्ड्स यांनी ते आईच्या नावाने काढलं. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकारांना ते मदत करतात, पण काम वास्तवदर्शी म्हणजे वस्तू ओळखू येतील असं हवं, अमूर्त चालत नाही. तुझ्या चादरी-उश्या तिथे अगदी बसतात. दुसरं पोलॉक-क्रॅसनर फाउंडेशन. ली क्रॅसनर १९८४ मध्ये गेली आणि तिच्या इस्टेटीतून पुढच्या वर्षी हे उभं राहिलं. झोपायच्या खोलीत रंगवणाऱ्या बाईचे पैसे आज इतरांच्या स्टुडिओचं भाडं भरतात, हे मला फार आवडतं. ते कामाचा दर्जा आणि आर्थिक गरज, दोन्ही बघतात. जुनं कर्ज फेडायला मात्र पैसे देत नाहीत, म्हणजे कर्ज काढून रेसिडेन्सी करायची आणि मग अनुदानातून ते फेडायचं, हा मार्ग तिथे बंद. शिवाय तुझं काम सध्या गॅलरीत किंवा संग्रहालयात लागत असावं अशी त्यांची अपेक्षा असते. तेव्हा आधी ग्रीनशील्ड्स, एखाद-दोन प्रदर्शनांनंतर पोलॉक-क्रॅसनर. रेसिडेन्सी शोधायच्याच असतील तर रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या संकेतस्थळांवरच्या सूच्या चाळ. कुठे फी आहे, कुठे मानधन आहे, कुठे मूल चालतं, हे अर्ज लिहायला बसायच्या आधी बघ, नंतर नाही.

आता बजेट. निवड समितीवर बसायला लागल्यापासून मला अर्जातलं हे पान सगळ्यात आधी वाचायची सवय लागलीय, कारण स्टेटमेंटमध्ये माणूस सजतो, बजेटमध्ये सापडतो. एका अर्जात कागद, कोळसा, फिक्सेटिव्ह, खोडरबर, फ्रेम, वाहतूक असं सगळं पैशापर्यंत मांडलेलं होतं आणि कलाकाराच्या मानधनापुढे शून्य. ते शून्य भरून ठेवलेलं होतं, रिकामं सोडलेलं नव्हतं. अर्ज बाईचा होता हे मी नाव न बघता सांगितलं असतं. बाकीच्यांना वाटलं, वा, किती काटकसरी. मला वाटलं, हिला सहा महिने जगायचं कशावर हे हिने ठरवलेलंच नाही, मग काम पूर्ण कसं होणार? कलाकाराला कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत यासाठी न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून डब्ल्यू.ए.जी.ई. नावाचा गट काम करतोय. त्यांनी संस्थांच्या खर्चाच्या प्रमाणात किमान मानधनाचे दर मांडलेत. कुणाला दाखला हवा असेल तर तो आहे.

तेव्हा स्वतःच्या तासांचे पैसे लिही. मुलीला सांभाळणाऱ्या व्यक्तीचे पैसेही लिही, ‘इतर’ या रकान्यात लपवून नाही, सरळ ‘मुलीचा सांभाळ, आठवड्याला इतके तास’ असं. एखादी संस्था ते नाकारेल, नाकारू दे. पण न मागितलेलं कुणी आपणहून देत नाही. अडीनडीसाठी दहा टक्के वेगळे धर. आणि पैसे कधी मिळणार ते बारीक अक्षरात शोध. काही अनुदानं ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, मग देऊ’ अशी असतात. हातात बचत नसेल तर मंजुरी मिळूनही तू अडकशील. अनुदानावर कर लागतो का, हेही मंजुरीच्या आधीच विचारून घे.

मुलगी. तू पत्रात तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंयस, तेही वेळापत्रकाच्या ओघात. लेन्का क्लेटन या कलाकाराला मूल झाल्यावर नेहमीच्या रेसिडेन्सींना जाणं जमेना, तेव्हा २०१२ मध्ये तिने आपल्या घरालाच रेसिडेन्सी जाहीर केलं. आईपणाची रेसिडेन्सी. तुटक झोप, मिनिटामिनिटाला मोडणारं काम, फिरायला कमी जागा, हेच तिने सामान म्हणून वापरलं. मुलाच्या तोंडातून तिने काढलेल्या त्रेसष्ट वस्तू, बटणं, बोल्ट, नाणी वगैरे, तिने नीट जपून ठेवल्या आणि तीच एक कलाकृती झाली. २०१६ पासून तिने ही कल्पना सगळ्यांना खुली केली. कुठलीही आई स्वतःची अशी रेसिडेन्सी सुरू करू शकते, फी नाही, निवड नाही. हे सगळ्यांना मानवेल असं नाही. मला स्वतःला मानवलं नसतं, मला दार बंद करूनच काम होतं. पण तारीख ठरवून, लिहून, घरातल्यांना सांगून घेतलेले तीन महिने आणि ‘वेळ मिळाला तर करते’ यांत मोठा फरक पडतो. नवऱ्याशीही या भाषेत बोल. ‘जाऊ का’ असं विचारलंस तर तो ‘जा’ म्हणणार आणि तू त्यातला सूर शोधत बसणार. ‘मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सहा ते नऊ मी नसेन, सप्टेंबरपर्यंत’ असं सांगितलंस तर त्याला उत्तर तरी नेमकं द्यावं लागेल.

‘फक्त महिलांसाठी’ म्हणजे दुय्यम, हा तुझा दुसरा प्रश्न. फ्रान्समधलं प्री द रोम हे पारितोषिक १६६३ मध्ये सुरू झालं. जिंकणाऱ्याला सरकारी खर्चाने रोमला राहून काम करता यायचं, म्हणजे जगातल्या सगळ्यात जुन्या रेसिडेन्सींपैकी एक. त्यासाठी स्पर्धेत उतरायची परवानगी बायकांना १९०३ मध्ये मिळाली. दोनशे चाळीस वर्षं! १९११ मध्ये ल्युसिएन ह्यूव्हेलमान्स शिल्पकलेत जिंकली आणि हे विजेते जिथे राहत त्या रोमच्या व्हिला मेडिचीत कलाकार म्हणून राहणारी पहिली बाई ठरली. त्या दोनशे चाळीस वर्षांत जिंकलेल्यांना कुणी ‘पुरुष गटातले विजेते’ म्हटलं नाही, आणि त्यांना स्वतःलाही कमीपणा वाटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. न्यूयॉर्कमधली ए.आय.आर. ही बायकांनीच चालवलेली गॅलरी १९७२ मध्ये उघडली, कारण बाकीच्या गॅलऱ्यांत बायकांची चित्रं क्वचितच लागत. तिथे आजही नवोदित कलाकार बायकांसाठी फेलोशिप आहे. मॅक्स मारा आर्ट प्राइझ फॉर विमेन २००५ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीच्या साथीने सुरू झालं. जिंकणारीला इटलीत सहा महिने राहून नवं काम करता येतं. यातलं काही ‘बिचाऱ्या बायकांसाठी’ म्हणून काढलेलं नाही. अर्ज कर. खुल्या योजनांनाही कर. एकाने दुसरं बाद होत नाही.

वयाचं उत्तर छोटं आहे. ‘उदयोन्मुख’चा अर्थ जो तो आपापला लावतो: कुठे पस्तीसच्या आत, कुठे शिक्षण संपून अमुक वर्षं, कुठे मोठं एकल प्रदर्शन न झालेली. शेवटच्या अर्थाने तू पन्नाशीतही उदयोन्मुख असू शकतेस. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘अ‍ॅनॉनिमस वॉज अ वुमन’ नावाचं अनुदान सुरू झालं, ते चाळिशी ओलांडलेल्या कलाकार बायकांसाठीच. पैसे कोण देतंय हे बावीस वर्षं गुप्त होतं. २०१८ मध्ये सुझन अंटरबर्ग या कलाकार बाईने ‘मीच ती’ असं सांगितलं. तिथे आपण अर्ज करायचा नसतो, नाव सुचवलं जावं लागतं, आणि ते अमेरिकेपुरतं आहे, म्हणून तुला आत्ता उपयोगाचं नाही. पस्तिशीला दार बंद होत नाही, एवढ्यापुरतं सांगितलं.

राहिले सात नकार. निवड समितीत काय होतं ते ऐक. गेल्या खेपेला माझ्या वाट्याला एकशे चाळीस अर्ज आले होते. पहिल्या फेरीत एकेका अर्जाला दोन-तीन मिनिटं, आणि त्यातली पहिली तीस सेकंदं पहिल्या चित्राला. तुझ्या स्टेटमेंटचं पहिलं वाक्य आहे: ‘माझी कला स्त्रीच्या अंतर्मनातील सूक्ष्म संवेदनांचा शोध घेते.’ अगं, त्या एकशे चाळिसांतल्या निदान तीस जणी अंतर्मनातच शोध घेत होत्या. त्या वाक्यावरून चित्र डोळ्यांपुढे येत नाही, आणि ते कुणाच्याही चित्रांना चिकटवता येतं. पण त्याच स्टेटमेंटमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत, जणू माफी मागत, तू लिहिलंयस की मुलगी शाळेत गेली की चादर झटकायच्या आधी तू तिच्या चुण्यांचा फोटो काढून ठेवतेस आणि रात्री त्यावरून चित्र काढतेस. ते वर घे. ‘घरातले सगळे उठून गेल्यावर चादरीवर ज्या चुण्या उरतात, त्या मी झटकायच्या आधी टिपून ठेवते आणि रात्री कोळशाने काढते.’ बस. अंतर्मन वाचणाऱ्याला आपोआप सापडेल.

फोटोही पुन्हा काढ. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेत ना? कोळशाचा काळा त्यात करडा होऊन गेलाय. सकाळी खिडकीच्या बाजूला, ऊन थेट पडणार नाही असं बघ, कागदाच्या कडा पूर्ण दिसू देत आणि प्रत्येक फोटोखाली माप लिही. दहाऐवजी सहा पाठवलीस तरी चालेल. तिसरं आणि नववं काढून टाक, ती पाचव्याचीच भावंडं आहेत.

आणि ते चार कागद जोडलेलं चित्र. त्याचा फोटो खुर्चीवर उभी राहून वरून काढ. जोड झाकायला जाऊ नकोस, सरळ करायलाही जाऊ नकोस. पुढच्या अर्जात ते पहिलं लाव.